ऊन पाण्याची बखर

इतिहास हा विषय मराठी माणसाला दोन कारणांसाठी आवडतो. एक म्हणजे त्यात लढाया असतात, आणि दुसरं म्हणजे त्या आपल्याला लढाव्या लागत नाहीत. शाळेत आम्ही सालबाईचा तह कोणत्या साली झाला ते पाठ केलं (१७८२, दोन मार्कांना). पण तह करणारी ती थोर मंडळी त्या दिवशी सकाळी कसल्या पाण्यानं आंघोळ करून निघाली, ते पाणी कोणी तापवलं आणि न्हाणीपर्यंत कोणी आणून ठेवलं, याबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती. मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी मला गार पाण्याच्या हौदात उभं केलं असतं.

मी बी.कॉम. आहे. दहावीनंतर इतिहासानं मला सोडलं आणि मी इतिहासाला. नंतरची सगळी वर्षं बँकेच्या काउंटरमागे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली. तरीही ऊन पाण्याचा इतिहास मी गेल्या वर्षभरात जमा केला, त्याला कारण एक नळ.

ट्रॉम्बेला आमचं जुनं घर आहे. जुनी माणसं ट्रॉम्बे म्हणत नाहीत, तुर्भे म्हणतात. मग रिक्षावाला खाडीपलीकडच्या नव्या मुंबईतल्या तुर्भ्याला न्यायला निघतो, तो भाग वेगळा. मंगलोरी कौलं, दीड हात जाडीच्या भिंती, पुढे ओसरी, मग पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि पार शेवटी परसदारी न्हाणी, असा या घराचा आगगाडीसारखा घाट. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची खाट पुढच्या खोलीत, उजेडाला आली. खोलीला लागून छोटी मोरी केली. म्हणजे वडील इंजिनाकडे आणि ऊन पाणी गार्डाच्या डब्यात. मधे चाळीस फूट. हे चाळीस फूट आई सकाळ-संध्याकाळ वाफाळती बादली घेऊन चालायची. मदतीला बाई ठेवू म्हटलं की म्हणायची, "चार पावलं तर आहेत." मागच्या पावसाळ्यात माजघराच्या उंबऱ्याला तिचा पाय अडकला. पाणी सांडलं ते सुदैवानं जमिनीवर. त्या रात्री घरात ठराव पास झाला : मागच्या स्लॅबवर सोलर बसवायचा आणि ऊन पाण्याचा नळ घरातून थेट पुढच्या मोरीपर्यंत न्यायचा.

"किती दिवसांचं काम?" मी प्लंबरला विचारलं.

"चाळीस फूट ना? दोन दिवस," तो म्हणाला. "पण गरम पाणी पुढे येईल असं समजू नका हां. पुढे येईल ते कोमटच."

आता कोमट पाण्यासाठी कोण भिंती फोडील? चाळीस फुटांत जग अडतं कुठे हे शोधायला मी वाचू लागलो, आणि लक्षात आलं की जग गेली दोन हजार वर्षं तिथेच अडलं होतं. पाणी तापवणं माणसाला फार पूर्वी जमलं. तापलेलं पाणी तापलेलंच दुसरीकडे नेणं, ही खरी कथा.

रोमन लोकांनी आंघोळीचं सरकारी खातंच करून टाकलं होतं. विट्रुव्हियस नावाच्या त्यांच्या स्थापत्यकारानं स्नानगृहाच्या भट्टीवर तीन काशाची भांडी कशी मांडायची ते लिहून ठेवलं आहे : एक कढत पाण्याचं, एक कोमट, एक गार. कढत भांड्यातून जेवढं पाणी जाईल तेवढं कोमटमधून त्यात यावं आणि कोमटमध्ये गारमधून. म्हणजे चालू खातं, बचत खातं आणि मुदत ठेव. जमिनीखालून भट्टीची ऊन हवा खेळवून फरशीही तापवत. लाकडं आत सारायला अर्थात गुलाम होते. त्यांच्याबद्दल विट्रुव्हियस फारसं बोलत नाही. हिशेबनीसांचीही तीच सवय असते.

फ्रान्समध्ये शोद-एग नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच ऊन पाणी. तिथल्या झऱ्याला ८२ अंशांचं पाणी आहे. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी ते पाणी लाकडी नळ्यांतून घराघरांत खेळवलं. लाकूड मुळातच उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे वेष्टणाचा खर्च वाचला.

आपल्याकडे मोगलांचे हमाम होते. भिंतीच्या पोटातून खापरी नळ, एका दालनात ऊन पाणी, दुसऱ्यात गार. दौलताबादच्या किल्ल्यात असला शाही हमाम आहे. पण हे वैभव शाहीतच राहिलं. रयतेच्या वाट्याला हमाम आला तो एकदम साबणाच्या वडीच्या रूपानं.

निसर्गानं मात्र महाराष्ट्राच्या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या भागात तानसा नदीच्या काठी आणि पात्रात ऊन पाण्याचे झरे आहेत. आता गंमत पाहा. १८९२ साली इंग्रजांनी मुंबईसाठी ज्या नदीवर धरण पुरं केलं आणि कोसोगणती मोठाल्या लोखंडी नळांतून जिचं पाणी शहरात आणलं, ती हीच तानसा. म्हणजे ज्या खोऱ्यात पाणी आयतं तापून मिळतं, तिथून आम्ही ते थंडगार आणलं आणि मग घरोघर रॉकेल जाळून तापवत बसलो.

मराठी घराचा खरा हमाम म्हणजे बंब. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं पोटुशीसारखं उभं भांडं, त्याच्या मधून आरपार धुराडं, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. धुराड्यात वरून कोळसे, ढलप्या, नारळाच्या करवंट्या टाकायच्या. विस्तव मधे, पाणी भोवती, पुढे पितळी तोटी. रशियन लोकांनी हेच भांडं चहाला लावलं आणि त्याला समोवार म्हटलं. त्यावर त्यांच्या कादंबऱ्यांची कितीतरी पानं निघाली. आमच्याकडे बंबावर निघाली ती फक्त कळकट, आणि ती काढायची चिंचेनं. दिवाळीच्या आदल्या दिवशी बंब असा चमकायचा, की घरातला सर्वांत श्रीमंत सभासद तोच वाटे.

बंबाची सत्ता आजीकडे होती. पहाटे साडेचारला ती परसदारी जाऊन बंब पेटवी. धूर होतो म्हणून बंब परसात, आणि पुरुष मंडळी परसात कशी जाणार म्हणून त्यांच्या आंघोळी पुढच्या अंगणातल्या मोरीत! ही व्यवस्था कोणी ठरवली ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती घटनेच्या आधीपासूनची होती. तोटीखाली बादली भरायची, तिच्यावर पितळी ताट झाकायचं, पदर खोचायचा आणि चाळीस फूट चालायचं. बादली हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. साष्टी आणि आसपासचा मुलूख १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होता, तेव्हा भांड्याचं नाव त्यांनी दिलं असेल. पण ते उचलायला इथं कोणी पोर्तुगीज राहिला नाही.

पुढे गीझर आला. १८६८ साली लंडनमध्ये मॉन नावाच्या माणसानं गॅसवर नळाचं पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि आइसलंडमधल्या उसळत्या झऱ्याचं नाव त्याला दिलं. पाण्यात तळण पडल्यासारखा आवाज करणारी ती पेटी मराठी माणसानं बिचकत बिचकत स्वीकारली. आमच्या घरी वीज होती, पण बिल बघून आजोबांनी गीझरला पाहुण्याचा दर्जा दिला : सणासुदीला यावं, एरवी विश्रांती घ्यावी. शिवाय गीझर बसला तो न्हाणीत, परसदारी. चाळीस फूट तसेच राहिले.

१८९१ साली अमेरिकेत केम्प नावाच्या गृहस्थानं उन्हावर पाणी तापवायच्या पेटीचं पेटंट घेतलं. दिवसा पाणी मस्त तापायचं आणि रात्री सगळी कमाई उडवून सकाळी गार होऊन बसायचं. महिनाअखेरीला पगारदाराचं खातं दिसतं, हुबेहूब तसं. १९०९ साली बेली नावाच्या दुसऱ्या गृहस्थानं टाकी वेगळी केली आणि तिला जाडजूड वेष्टण घातलं. दिवसाचं पाणी दुसऱ्या सकाळीही ऊन राहिलं आणि केम्पचा धंदा बसला. तात्पर्य : कमावण्यापेक्षा राखणं महत्त्वाचं. हे आम्ही बँकेत रोज सांगतो, ऐकतं कोण?

आता ट्रॉम्बेकडे येतो. ऊन नळांच्या बाबतीत आमच्या गावाइतकं भाग्यवान गाव शोधून सापडायचं नाही. १९५४ साली शेजारी माहुलला स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली, १९५५ साली बर्मा-शेलची. टाटांचं औष्णिक वीजकेंद्र त्याच दशकातलं. १९६५ मध्ये खतांचा कारखाना. या साऱ्यांच्या पोटात मैलच्या मैल वाफेचे आणि ऊन तेलाचे नळ, आणि प्रत्येकाला वेष्टण. कारण भट्टीचं तेल थंडावलं की काकवीसारखं घट्ट होतं आणि जागचं हलत नाही. त्याला ऊब लागते. तेलाच्या अंगावर हातभर रजई आणि वर चकचकीत पत्र्याचा अंगरखा. आणि कुंपणाच्या अलीकडे आमची आजी बादलीवर पितळी ताट झाकून चाललेली.

त्यात अणुभट्ट्या. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा सुरू झाली आणि १९६० मध्ये सायरस. सायरसची औष्णिक शक्ती ४० मेगावॅट. मी कॉमर्सचा असलो तरी गुणाकार येतो. पंधरा लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची, तर ही भट्टी दर सेकंदाला एकतीस बादल्या पाणी तापवील एवढी उष्णता सोडत होती. भट्टी थंड ठेवण्यासाठी ती सगळी शेवटी समुद्राच्या पाण्याला द्यावी लागे. भट्टीतून फिरणारं पाणी आंघोळीचं नव्हे, हे आजीला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही, पण खाडीला फुकट ऊन पाणी मिळतं हे ऐकून ती म्हणाली होती, "त्या खाडीनं असं कोणतं व्रत केलंय?" पुढे शास्त्रज्ञांनी त्या वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायला लावली. २०१० च्या अखेरीस सायरस बंद झाली. आजी तिच्या आधीच निवृत्त झाली होती.

आमच्या नळाचा प्रश्न सोडवला तो याच कारखान्यांतल्या एका माणसानं. आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. हयातभर त्यांनी नळांना वेष्टण घालायचं काम केलं. कारखान्यात या कामाला लॅगिंग म्हणतात, म्हणून ते गल्लीचे लॅगिंगकाका. प्लंबर पाइप मोजत होता तेव्हा ते ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "नळ तो टाकेल. त्याला कांबळं मी घालतो."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा दिला. "कांबळं ऊब देत नाही. असलेली राखतं. आणि कांबळं तरी कुठलं राखतं? राखते ती हवा. काच, रबर, लोकर, काही आण. त्यात अडकून बसलेली हवा गरमी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून वेष्टण दाबून आवळायचं नाही, भिजू द्यायचं नाही. ओलं कांबळं आणि नागडा नळ सारखाच."

पाऊण इंची नळ, चाळीस फूट लांब. मी हिशेब केला : त्याच्या पोटात साडेतीन लिटर पाणी मावतं. ते पाणी उभ्या उभ्या गार झालं की सकाळी नळ सोडल्यावर आधी ते साडेतीन लिटर बाहेर यायचं, मग ऊन. नळ उघडा असला की थोड्या वेळात गार, वेष्टण असलं की सावकाश. शिवाय ऊन पाणी वाहत असताना वाटेत जो अंश-दोन अंश चोर खातो, तोही वाचतो.

"आणि नळ भिंतीत गाडू नका," काका प्लंबरला म्हणाले. "दीड हात भिंत म्हणजे दीड हात चोर. सगळी गरमी पिऊन टाकेल. भिंतीच्या बाहेरून न्या. जिथं भिंत ओलांडायची तिथं भोक मोठं पाडा, कांबळ्यासकट नळ जाऊ दे."

इथं घरगुती राजकारण सुरू झालं. बाहेरून म्हणजे कुठून? स्वयंपाकघरातून ठीक. माजघरात मात्र वाटेत देवघर आलं. देवांच्या डोक्यावरून आंघोळीचा नळ नको, असं आईचं म्हणणं. खालून न्यावा तर उंबरा आडवा. शेवटी नळ देवघराला वळसा घालून निघाला. प्लंबर कुरकुरला, पण काका खूश झाले. ऊन पाण्याचा नळ तापला की लांबतो, सरळसोट आवळून बसवला तर सांधे तोडतो. मधे वळण असलं की त्याला अंग पसरायला जागा मिळते. "देवानं बरोब्बर जागी वळण काढून दिलं," ते म्हणाले. पुढच्या खोलीत नळ आजोबांच्या तसबिरीखालून गेला. पाठीशी ऊन पाण्याचा नळ असलेला आमच्या घराण्यातला पहिला पुरुष.

काकांनी काळ्या रबरी फोमच्या नळ्या चिरून पाइपावर चढवल्या, प्रत्येक सांधा डिंकानं चिकटवला, कोपऱ्यांना कातरून टोप्या शिवल्या. स्लॅबवरच्या उघड्या भागाला उन्हानं फोम विरू नये म्हणून पत्रा गुंडाळला. काम करताना दर थोड्या वेळानं थांबून खोकत होते. मी पाणी दिलं.

"आमच्या वेळेला हे रबर कुठलं?" ते म्हणाले. "अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर. पांढरी धूळ उडायची, आम्ही एकमेकांना म्हातारा म्हणून चिडवायचो. छातीला वाईट असते हे मागाहून कळलं." एवढं बोलून त्यांनी पुढची टोपी कातरायला घेतली. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "वहिनींच्या हातचा चहा झाला ना? झालं तर."

नळ सुरू झाला आणि प्लंबरचं भाकीत खोटं ठरलं. मागे ५८ अंश, पुढे ५६. वडिलांच्या पायांचा थर्मामीटर वेगळा. ते डोळे मिटून "हं" म्हणाले.

एवढा इतिहास जमल्यावर मला जगातला मोठ्यात मोठा ऊन नळ कोणता ते बघायची हौस आली. उत्तर पुन्हा आइसलंडच, ज्यानं आपल्याला गीझर हा शब्द दिला. तिथं नेस्यावेट्लिर इथून राजधानी रेक्याविकच्या बाजूला २७ किलोमीटर नळ येतो. म्हणजे ट्रॉम्बेहून निघून ठाणं ओलांडलं तेवढा. वेष्टण असं चोख, की वाटेत पाणी जेमतेम दोन अंश उतरतं. आणि एक नळ तर ६४ किलोमीटरचा, डेल्डार्तुंगुह्वेरच्या झऱ्यापासून आक्रानेस गावापर्यंत. जगभरचे इंजिनियर तो बघायला जातात.

हा आकडा वाचला आणि काउंटरवरचा माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेला. आजीच्या वेळेला घरात माणसं आठ. माणशी एक बादली, अंतर चाळीस फूट, जाऊन-येऊन ऐंशी. आठ गुणिले ऐंशी, सहाशे चाळीस फूट रोज. वर्षाचे झाले २ लाख ३३ हजार ६०० फूट, म्हणजे ७१ किलोमीटर. आइसलंडच्या त्या नळापेक्षा सात किलोमीटर जास्त, दर वर्षी, निम्मं अंतर भरल्या बादलीनं. वजन पाहायचं तर पंधरा लिटरच्या हिशेबानं रोजचं १२० किलो, वर्षाचं जवळजवळ ४४ टन. हे तिनं चाळीस वर्षं केलं. मग तीच बादली आईच्या हातात आली, अंतर तेच, "चार पावलं."

बँकेत आम्ही टेबलावर घसारा लावतो, खुर्चीवर लावतो, बंद पडलेल्या पंख्यावरही लावतो. गुडघ्यावर लावायची तरतूद कुठल्याच खात्यात नाही. म्हणून हा खर्च कधी दिसला नाही आणि ऊन पाणी फुकट आहे असं घरातल्या सगळ्या पुरुषांना तीन पिढ्या वाटत राहिलं. काळ्या फोमचं बिल आलं तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणालाच, "एवढे पैसे? पाणी तर पूर्वीही येत होतं!"

तेव्हा वाचकहो, इतिहासाची आवड असेल तर एक काम करा. मोजायची पट्टी घ्या. तुमच्या जुन्या घरात पाणी कुठं तापायचं आणि कुठं लागायचं ते अंतर घ्या. माणसांनी गुणा, वर्षांनी गुणा. आकडा आला की तो ज्यांचा आहे त्यांना नेऊन सांगा. माझ्या आईनं तिचा आकडा ऐकला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एवढं? मग पंढरपूर तरी कितीदा झालं असतं रे?"

तेही मी काढून दिलंय. आजीचा आकडा सांगायला मात्र उशीर झाला.